घट्ट झाकणाची बरणी

कुताइसीत, रिओनी नदीच्या काठावरच्या बेकरीत
मालखाझ पहाटे तीनला भट्टी पेटवतो.
कणीक भट्टीच्या भिंतीला थापायची,
नावेसारखा लांब पाव फुगून येईतो उभं राहायचं,
बोलायचं कुणाशी? भट्टीशी?
गप्प बसण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही.

आता दुपारी घरी आला की
बोलावं लागतं.
"हा मोजा. लाल मोजा. मोजा गेला पायात.
दुसरा कुठाय? पळाला वाटतं."
भुवयांत पीठ अडकलेला आडदांड माणूस
जमिनीवर पालथा पडून
पलंगाखालच्या मोज्याशी गप्पा मारतो.

तेकले अडीच वर्षांची.
कान तपासले. ठीक आहेत.
दार लाव म्हटलं की लावते,
आपल्या ताटातलं चीज मांजराला चोरून भरवते
आणि तोंड पुसते, स्वतःचं.
बोलायचं तेवढं राहिलंय.
बोट दाखवते, म्हणते, अं.
पाण्याला अं, चंद्राला अं,
फोनमधल्या आईलाही अं.

काकू म्हणते, तूही चार वर्षांचा होईतो दगड होतास.
शेजारी म्हणतो, आईवेगळं लेकरू, धसका घेतलाय.
मालखाझ ऐकून घेतो.
त्या रात्री कणीक जरा जास्तच मळली जाते.

मंगळवारी येणाऱ्या नानुलीबाईंनी सांगितलं:
हे काय, ते काय, विचारू नका. ती परीक्षा होते.
खाली बसा, तिचे डोळे तुमच्या डोळ्यांसमोर येऊ देत.
तिला हवं ते दिसेल असं ठेवा, हाताला लागेल असं नको.
शब्द एकदा द्या, आणि थांबा.
मनात दहा मोजा.
जे येईल ते शब्द म्हणून घ्या.

म्हणून अक्रोड काचेच्या बरणीत.
झाकण त्याच्या हातांनी आवळलेलं.
तेकले बरणी आणून त्याच्या मांडीवर आदळते. अं.
"उघड," तो म्हणतो.
आणि थांबतो.
एक. दोन. तीन.
भट्टीसमोर रात्र काढणारा माणूस,
पण सातावर त्याचा हात आपसूक झाकणाकडे जातो.
आठावर ती भोकाड पसरते.
नऊ त्याने अजून पाहिलेला नाही.

पाण्याला त्यांच्याकडे म्हणतात त्सक़ाली.
घशात खडा अडकावा तसा शब्द,
पाहुण्यांची जीभ त्याला ठेचकाळते.
तहानेला इतका अवघड शब्द कुणी दिला असेल?
शेवटची "ली" आली तरी पुरे, तो पेला धरून बसतो.
ती पेल्यात बोट बुडवते
आणि त्याच्या नाकाला लावते.

आई, माका, बारीला असते. इटलीत.
सिन्योरा असुंता नावाच्या म्हातारीला
न्हाऊ घालते, भरवते, कूस बदलून देते.
रात्री आठला फोन.
नोव्हेंबरातल्या त्या रात्री विषय होता गॅसच्या बिलाचा,
आवाज चढले होते दोन्हीकडचे,
मालखाझ काही मोजत नव्हता.
तेकलेने बरणी आणली, त्याच्या गुडघ्याला टेकवली,
वाट पाहिली.
त्याचं लक्ष नाही असं पाहून
म्हणाली,
मामा.

आपल्याला वाटेल, आईच्या भावाला हाक मारली.
नाही. तिथे मामा म्हणजे बाप.
आई म्हणजे देदा, आणि तो शब्द अजून यायचाय.

पण फोनच्या पलीकडे, उशांना टेकून बसलेल्या सिन्योराने
आपल्या भाषेत ऐकलं, आणि टाळ्याच पिटल्या:
तुला म्हणाली गं! आई म्हणाली तुला!
माका एक क्षण थांबली.
मग म्हणाली, हो.
नाक ओढलं, पुन्हा म्हणाली, हो, मलाच.
मालखाझनेही चूक दुरुस्त केली नाही.
बिलाचं राहून गेलं.

झाकण त्या दिवशी त्याला पटकन निघेना.
तळहात घामेजले होते.
निघालं तेव्हा तिने एक अक्रोड तोंडात टाकला,
एक मुठीत,
आणि दाराशी बसलेल्या मांजराकडे बोट करून म्हणाली,
अं.

तो खाली बसला.
"मांजर," म्हणाला.
एक. दोन.